पाचवा हात

अविनाश इंगळे फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसे. "लाईन हाये काय?" असं विचारी. त्याचे वडील डोणगावला लाइनमन होते. त्यांच्या घरी फोन यायचा तो वीज गेल्याचाच, त्यातून ही सवय लागली असावी. पुढे पुण्यात त्याची कंपनी मोठी झाली, परदेशातून फोन येऊ लागले, तरी पहिला प्रश्न तोच. एकदा माझ्यासमोर त्याने सिंगापूरच्या कुणा साहेबालाही तो विचारला आणि मग हसत हसत इंग्रजीत सुरू झाला. मी म्हटलं, "काय बे हे?" तर म्हणाला, "काकाजी, लाईनच नसंन तं पुढचं बोलून काय फायदा?"

आमच्या भागात त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. पुण्याच्या भागीदारांनी त्याला त्याच्याच कंपनीतून काढलं आणि त्यासाठी इंग्रजी न समजणाऱ्या एका भोळ्या म्हाताऱ्याचा हात वापरला. तो म्हातारा मी. ती गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी मी सांगायला हवी होती, आणि मी अजून ती सांगितलेली नाही.

मी मेहकरला सेवा सहकारी सोसायटीचा सचिव होतो. अविनाश इंजिनियर होऊन आला तेव्हा त्याने आमच्या माडीवरची खोली घेतली. शेतातली मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करणारा एक डबा तो बनवत होता. दिवसभर माडीवरून डिंक जळल्यासारखा वास यायचा आणि आमची ही खालून ओरडायची, "अवी, घर जाळतं काय रे?" कंपनी नोंदवायला किमान दोन माणसं लागतात, म्हणून दुसरा संचालक मी झालो. "तुमी फक्त सही करा," तो म्हणाला, "अन् मी चुकलो तं कान धरा."

डबा चालला. जिल्ह्यात चालला, मग वऱ्हाडभर, मग कुठे कुठे. कंपनी पुण्याला गेली आणि तो तिचा सीईओ झाला. आमच्याकडे सीईओ म्हणजे जिल्हा परिषदेचा. त्याच्या आईने कौतुकाने शेजारी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी एक मास्तर बदलीचा अर्ज घेऊन तिच्या दारात हजर. तिने त्याला चहा पाजला, अर्ज ठेवून घेतला आणि पोराला फोन केला, "अवी, भला मानूस हाये रे, याचं काम करून दे." हे तो भर मीटिंगमध्ये सांगायचा. पुण्याची माणसं हसत, पण त्यांना नेमकं कशाचं हसू येई ते मला कळत नसे.

सीईओ झाल्यावरही कुणा शेतकऱ्याची तक्रार आली तर तो अधूनमधून स्वतः शेतावर जाई. एकदा कंपनीत फोनवर तक्रारी घेणारा एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, तो माणूस चुकीचं बटण दाबतोय." अविनाश म्हणाला, "त्याले शंभर कामं हायेत. तो नाई चुकला, आपलं बटन चुकलं." आणि बटण खरोखरच बदललं. त्याचं दुसरं वाक्य होतं, "डबा विकला म्हनजे तो त्याचा झाला. आता त्याच्या शेतात आपन पाव्हणे."

याच वाक्यावरून सगळं बिनसलं. जुने डबे कंपनीच्या संगणकाच्या आधाराने चालत. पुण्यात कंपनीत पैसा घालून आलेल्या नव्या भागीदारांना तो आधार बंद करून लोकांना नवे, दरमहा वर्गणीचे डबे घ्यायला लावायचं होतं. अविनाश म्हणाला, "मी या खुर्चीवर बसलो हाये तोपर्यंत बंद होनार नाई." मग त्याला बसू द्यायचं की नाही, यासाठी संचालकांची बैठक बोलावली.

बैठकीच्या सकाळी भागीदारांपैकी एक साहेब मला पुण्यातल्या मुक्कामावरून न्यायला गाडी घेऊन आले. वाटेत त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "अविनाश थकलेत. त्यांना मोकळं करणं त्यांच्याच हिताचं आहे. जुने डबे बंद करणं त्यांना सहन होणार नाही, म्हणून ते आपणच करू." मी "बरोबर आहे" म्हणालो. आणि तो थकलेला दिसतही होता. त्या दिवशी त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

अविनाशला काढण्याचा ठराव इंग्रजीत वाचला गेला. अविनाशला स्वतःच्या बाबतीत मत द्यायचं नव्हतं. उरलो आम्ही पाच. दोन हात वर गेले, दोन टेबलावरच राहिले. पाचवा माझा.

आमच्या सोसायटीत ठराव वाचून संपायच्या आधी हात वर जायचे. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द मी आधीच लिहून ठेवायचो. कुणाला काही खटकलं तर तो नंतर चहा पिताना बोले. हात खाली ठेवणं म्हणजे भांडण, आणि भांडखोर म्हणवून घ्यायला मी जन्मभर घाबरलो. त्या दिवशी मी हात वर केला तो या सवयीने, की साहेबांचं म्हणणं पटलं म्हणून, की अवीची दया आली म्हणून, याचा मी फार विचार केला आहे. दर वेळी उत्तर वेगळं येतं. एवढं मात्र पक्कं आठवतं की हात वर करताना मी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होतो, त्याच्याकडे नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चला काकाजी, चहा घेऊ. इथला पानचट असते." त्याने काहीच विचारलं नाही. गावी आल्यावर मात्र सगळ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळं इंग्रजीत झालं, मला काय समजणार?" जुने डबे बंद पडले, शिव्या पुण्याच्या लोकांना बसल्या. माझा चहा गोडच राहिला. पुढे तर अविनाशच लोकांना सांगू लागला, "काकाजीले इंग्रजी येत नाई. त्यायले काऊन दोष देता?"

आता तो साखरखेर्ड्याला एका लहान दुकानात बसतो. बंद पडलेले डबे कंपनीच्या आधाराशिवाय चालतील असे बदलून देतो. कुणी म्हणतं त्याच्याकडे कोट्यवधी आहेत, कुणी म्हणतं डोकं फिरलं. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा तो एका शेतात डबा बसवायला निघाला होता. मीही सोबत गेलो आणि विहिरीपाशी एकदाचं बोललो.

"अवी, मला त्या दिवशी सगळं समजलं होतं."

त्याने तोंडातला स्क्रू काढला. "माहीत हाये ना. कंपनीच्या अर्जातलं माह्यं इंग्रजी कोनं सुधरवलं होतं? तुमीच. विसरले काय?"

"मग लोकांना तसं काऊन सांगत फिरतोस?"

"मी काय, आज इथं, उद्या कुठंबी जाईन. तुमाले मेहकरलेच राह्याचं हाये. त्याच हॉटेलात चहा प्याचा हाये."

"राग नाही आला?"

"आला ना! लय आला." तो पुन्हा स्क्रू पिळू लागला. "एकडाव माह्याकडं पाह्यलं असतं तं..." स्क्रू घट्ट बसल्यावर म्हणाला, "जा, तिकडं पायपापाशी उभे राहा. पानी आलं का हात वर करा."

हे तो मुद्दाम म्हणाला की सहज, मला कळलं नाही. त्याचं डोकं डब्यात होतं. मी तुरीच्या ओळींमधून जाऊन पाइपाच्या तोंडाशी उभा राहिलो. पाइप आधी खोकला, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. माझ्या चपला भिजल्या. हात खालीच होता.

"काकाजी! झोपले काय? आलं का नाई?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोळ्यांवर आडवा हात धरून माझ्याचकडे पाहत होता. मग मी हात वर केला.