हळदीचं पाणी

समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि परंड्यातलं आमचं घर खाली गेलं. तेव्हापासून जोराचा पाऊस आला की अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाणी तुंबायचं. शेवटी नाली काढायला आम्ही दोन गुत्तेदारांना बोलावलं.

आईनं दोघांच्या हातात चुन्याची फक्की दिली. "पाणी जिथनं जाईल तिथं पांढरी रेघ मारा," म्हणाली. मला लाज वाटली. गुत्तेदार काय परीक्षेला बसलेत व्हय? पहिल्यानं तुळशीपासून थेट फाटकापर्यंत रेघ ओढली. दुसऱ्याचीही तिच्या शेजारूनच गेली. माझंही मत तेच होतं, आणि मी ते मोठ्यानं सांगितलंही.

मग आईनं माझ्या बहिणीच्या लग्नातली उरलेली हळद बादलीत कालवली आणि तुळशीपाशी ओतली. पिवळं पाणी फाटकाकडं निघालं, मध्येच थबकलं, आणि सावकाश वळून आमच्याच उंबऱ्याकडं यायला लागलं. रोजची पायाखालची फरशी, आणि ती अशी निघाली.

"हळदीमुळं तसं दिसतंय, मावशी," पहिला म्हणाला.

दुसऱ्यानं आपली रेघ पायानं पुसली आणि पाण्याच्या मागं मागं नवी ओढत गेला.

"काम ह्याला," आई म्हणाली.

आता उंबऱ्यासमोरून नाली जाते. पाऊस लागला की मी ओसरीवर येऊन उभा राहतो. पाणी अजूनही फाटकाकडंच निघतं, आणि ते वळेपर्यंत, दर वेळी, मला खरं वाटत नाही.