खोट्या पत्त्यांची वही

शनिवारी सकाळी सातला अग्निशमन दलाच्या जुन्या शेडचं दार उघडायचं, चहाचं पाणी चढवायचं आणि दारालगतच्या टेबलावर जाड निळी वही उघडून ठेवायची, हे काम टारांगीत ऑड्री ट्रेगियरकडे होतं. तिला ते कुणी दिलं नव्हतं. सोनं शोधणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब एकोणऐंशी साली निघाला, तेव्हा अक्षर बरं असलेली तीच एक बाई होती, म्हणून चिटणीसपद तिच्या गळ्यात पडलं आणि अठरा वर्षं तिथेच राहिलं.

त्याआधी एकतीस वर्षं ती पोस्टात होती. पत्ता चुकलेलं, अर्धवट, दारूच्या नशेत लिहिलेलं पत्र तिच्याकडे यायचं आणि ती ते बरोबर घरी पोहोचवायची. "लिहिलंय काय ते बघू नका, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते बघा," असं ती नव्या पोरींना शिकवायची. तिला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

क्लबात चाळीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. बुधवारी नव्या लोकांना जमिनीतला धातू हेरणारं यंत्र कसं ऐकायचं ते शिकवायचे, वर्षातून दोनदा जुन्या खड्ड्यांभोवतीच्या तारा नीट करायचे आणि शनिवारी जो तो आपापल्या वाटेने रानात. रान म्हणजे निलगिरी, लाल माती आणि खड्डे. दीडशे वर्षांपूर्वीच्या खाणकऱ्यांनी सरळ खाली खणलेले, माणूस जेमतेम मावेल एवढे रुंद, काही ऐंशी फूट खोल. त्यांच्या तोंडावर झुडपं वाढलेली. पाय पडला की संपलं.

एका गोष्टीत मात्र टारांगीची माणसं दीडशे वर्षांत तसूभरही बदलली नव्हती. गावाचा जन्मच मुळी लपवाछपवीतून झाला होता. गॅरिटी नावाच्या एका खलाशाला अठराशे छप्पन साली इथे सोनं लागलं आणि त्याने अकरा दिवस ब्र काढला नाही. बाराव्या दिवशी दुकानात त्याने एकाऐवजी दोन पाव घेतले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच्या घळीत चारशे माणसं कुदळी घेऊन उभी होती. महिन्याभरात नऊ हजारांची तंबूंची वस्ती झाली आणि वर्षाच्या आत उठलीही. उरले त्यांनी धडा घेतला. आपण कुठे खणतो हे टारांगीत भाऊ भावाला सांगत नाही, आणि नवरा बायकोला सांगतो ते खोटं सांगतो.

वही आली त्र्याऐंशी साली. क्लबातला एक माणूस खड्ड्यात पडला, कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सापडला तो तिसऱ्या दिवशी, मेलेला. मग सभा झाली. रानात जाणाऱ्याने नाव, जागा आणि परतायची वेळ लिहून जायची असा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले. पुढच्या शनिवारपासून सगळ्यांनी खोट्या जागा लिहायला सुरुवात केली.

ऑड्रीने तक्रार केली नाही. तिला उलट मजा वाटली. खोटं बोलायचीही प्रत्येकाची एक खोड असते, ती एकदा कळली की खोटं आणि खरं यात फरक उरत नाही, असं तिचं म्हणणं. अध्यक्ष कॉलिन स्पर्गो दिशा उलटी लिहायचा. रॉनी आ-किट, ज्याचा पणजोबा चीनहून जहाजाने येऊन बंदरापासून चालत आलेल्या खाणकऱ्यांत होता, तो मागच्या शनिवारी जिथे गेला ती जागा लिहायचा. तीन वेळा माणसं वेळेवर परतली नाहीत आणि तिन्ही वेळा ऑड्रीने वहीतलं खोटं वाचून शोधपथक नेमकं पाठवलं. एकाचा घोटा मोडला होता, तो दीड तासात सापडला. तेव्हापासून गावात तिच्या शब्दापुढे पोलीस सार्जंटचाही शब्द चालत नसे.

सगळ्यांत सोपं खोटं तिच्या नवऱ्याचं, लाइलचं. तो बसगाड्यांचा मेकॅनिक होता. हडकुळा, अबोल, कामात चोख. त्याला कल्पनाच लढवता येत नसे. डोंगरापलीकडच्या मेल्या बैलाच्या घळीत जायचं असलं की तो वहीत लिहायचा, केटल घळ. चौदा वर्षं तेच. केटल घळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, कब्रस्तानामागे, पुढे रस्ता नसलेल्या वाटेच्या शेवटी. ती अठराशे सत्तावन्न सालीच रिकामी झाली होती. तिकडे सरपणालाही कुणी जात नसे.

"काय लाइल, केटलमध्ये चहा तरी उरलाय का?" कॉलिन विचारायचा.

"दोन घोट आहेत," लाइल म्हणायचा आणि यंत्र खांद्याला लावून निघायचा.

जूनमध्ये लाइलच्या छातीत दुखलं. आठ दिवस इस्पितळात काढून तो घरी आला तो अर्धा झालेला. त्या दिवशी ऑड्रीने त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"मला दोन गोष्टी कबूल कर," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय तसं सपाटीवरच फिरायचं, डोंगर चढायचा नाही. आणि वहीत खरं लिहायचं."

"डोंगराचं ठीक आहे. पण खरं कशाला? तुला तर सगळं कळतंच."

"कळतं. पण तू लिहावंस असं वाटतं. माझ्यासाठी."

लाइलने बराच वेळ टोस्टवर लोणी फासलं. "अगं, लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू देत. मी विधवा झाले तर कोण हसणार आहे?"

"बरं," तो म्हणाला. एवढंच. ऑड्रीने ते 'बरं' ऐकलं आणि मनात म्हणाली, चल, तोंडदेखलं का होईना, म्हणाला तरी. तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याची इतकी 'बरं' ऐकली होती की त्यांचं वजन तिला ठाऊक होतं.

तो पुन्हा रानात निघाला तो थेट फेब्रुवारीच्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, दुसऱ्या शनिवारी. त्या दिवशी पारा बेचाळीसवर जाणार होता. लाइल सातला शेडमध्ये आला, वहीवर वाकला आणि नेहमीच्या ठोकळ्यासारख्या अक्षरांत त्याने लिहिलं: केटल घळ, बारा वाजता परत. मग मान वर करून तो ऑड्रीकडे बघून हसला. ती दुसऱ्या कुणाला चहा ओतत होती. तिने वही वाचली, तेच जुनं नाव पाहिलं आणि तिचं तोंड कडू झालं.

"दिला शब्द पाळतोस हं," ती म्हणाली.

"पाळतो की," लाइल म्हणाला आणि गेला.

बारा वाजले. एक वाजला. यंत्राने कानात आवाज दिला की या लोकांना घड्याळ दिसत नाही, म्हणून ऑड्रीने दोनपर्यंत कळ काढली. मग तिने सार्जंटला फोन केला, कॉलिनला केला, आणि तीनच्या सुमारास शेडसमोर चौदा माणसं जमली. अंगाची लाही होत होती. माश्या डोळ्यांत शिरत होत्या.

"मेल्या बैलाची घळ," ऑड्री म्हणाली. "सगळ्यांनी तिकडेच."

रॉनीने वही उलटसुलट पाहिली. "इथे केटल लिहिलंय."

"चौदा वर्षं तेच लिहितोय तो."

"हो, पण एक गाडी तिकडे टाकू की. वीस मिनिटांचा तर रस्ता. मी जाऊन येतो." त्याने खिशातून किल्ली काढलीही होती.

"रॉनी, बैलाच्या घळीत साठ खड्डे आहेत. उजेड पाच तासांचा. तिथे आडवा पडला असेल तर एकेक माणूस हवा." तिचा आवाज चढला होता. "माझ्या नवऱ्याला मी ओळखत नाही का?"

सव्वातीन वाजले होते. रॉनीने किल्ली खिशात टाकली आणि तो कॉलिनच्या गाडीत बसला.

डोंगरापलीकडे पोहोचल्यावर अर्ध्या तासात त्यांना ताजी खूण सापडली. सहा छोटे खड्डे, नुकते खणलेले, क्लबाच्या नियमाप्रमाणे बुजवलेले, वर बुटाने दाबलेले आणि त्यावर सुकी पानं पसरलेली.

"पानं," ऑड्री म्हणाली. "पानं तोच पसरतो. सांगितलं नव्हतं मी?"

माणसांना हुरूप आला. कॉलिन स्पर्गो तेवढा बाजूला उभा होता, आपल्या बुटांकडे बघत. उन्हाने त्रासला असेल असं सगळ्यांना वाटलं. मग दोर सोडले, नावाने हाका मारल्या, एकेका खड्ड्याच्या तोंडाशी पालथे पडून आत बॅटऱ्या मारल्या. आतून गार, कुबट हवा येत होती आणि दुसरं काहीच येत नव्हतं. दर खड्ड्याशी ऑड्री थांबायची, कान टवकारायची आणि पुढे जायची. अंधार पडल्यावर सार्जंटने सगळ्यांना मागे फिरवलं. काळोखात या खड्ड्यांमधून फिरलात तर उद्या आणखी एकाला शोधावं लागेल, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सकाळी साडेपाचला माणसं पुन्हा शेडसमोर आली. कॉलिन सर्वांत आधी आलेला होता. त्याने दाढी केली नव्हती आणि कालचेच कपडे अंगावर होते.

"ऑड्री," तो म्हणाला, "ते खड्डे माझे आहेत."

तिला आधी कळलंच नाही.

"बैलाच्या घळीतले. जानेवारीपासून मी तिथे जातोय. तीन दाणे मिळालेत, बरे आहेत. पानं मीही पसरतो. लाइलकडूनच शिकलो."

"काल का बोलला नाहीस?"

"चौदा माणसं होती तिथे," कॉलिन म्हणाला. "सगळ्यांना जागा कळली असती. आणि मला वाटलं, तू म्हणतेस म्हणजे लाइल तिथेच कुठेतरी असणार. मग खड्डे कुणाचे का असेनात."

कुणीतरी त्याला शिवी हासडली. ऑड्री रॉनीकडे वळली, आणि तिने काही मागायच्या आत रॉनी गाडीकडे धावत सुटला होता. सार्जंट आणि गावचे डॉक्टर मागून निघाले.

कब्रस्तान मागे पडलं. वाट वळली आणि समोर लाइलची पिकअप दिसली. टारांगीचा माणूस रानात गाडी लपवतो, झुडपात घालतो, वर फांद्या टाकतो. लाइलने ती वाटेच्या मधोमध उभी केली होती, येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसावी अशी. केटल घळीत चढ म्हणून नव्हताच. सपाट, उघडी जमीन, डॉक्टरांनी सांगितली होती तशी.

तो गाडीपासून दीडशे पावलांवर एका एकट्या निलगिरीखाली होता. सशाच्या बिळात पाय जाऊन पडला होता आणि मांडीच्या वर हाड मोडलं होतं. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. तो गाडीच्या दिशेने दहाएक पावलं सरपटत गेल्याचा माग दिसत होता आणि तिथून झाडाकडे परत आल्याचा. झाडाला पाठ टेकून, तोंड वाटेकडे करून तो बसला होता. टोपी मांडीवर. कुणी येणार म्हणून तयार होऊन बसलेल्या माणसासारखा.

ऑड्रीने त्याच्या गालाला हात लावला आणि काढून घेतला. डॉक्टर बाजूला गुडघ्यांवर बसले. भला माणूस, तिला वीस वर्षं ओळखणारा.

"ऑड्री, हृदय आधीच थकलेलं होतं," ते हळूच म्हणाले. "फार वेळ लागला नसेल. पडला आणि थोड्याच वेळात गेला असेल."

ऑड्री जमिनीकडे बघत होती. झाडाखालची सुकी पानं एका बाजूला सारली गेली होती. बुंध्याभोवती अर्धं कडं पडलं होतं, मातीत, माणसाच्या रुंदीचं. ती उठली आणि झाडाच्या पश्चिमेला जाऊन उभी राहिली.

"सकाळी सावली इथे असते," ती म्हणाली. "इथे तो पहिल्यांदा बसला."

"बाई, राहू दे," रॉनी म्हणाला.

ती त्या कड्यावरून पाऊल पाऊल पुढे सरकली. "दुपारी इथे. हे बघा, टाच रुतलीय. सावली सरकली तसा तो सरकलाय." आणखी चार पावलं टाकून ती थांबली. "सव्वातीनला इथे होता. रॉनी, तू किल्ली काढलीस ना, तेव्हा इथे."

रॉनीने तोंड फिरवलं. ऑड्री तशीच पुढे गेली आणि लाइल बसला होता तिथे, झाडाच्या पूर्वेला, पोहोचली.

"आणि ही संध्याकाळची सावली," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घातली. सार्जंटने टोपी काढली.

ती लाइलशेजारी मातीत बसली, त्याच्यासारखीच झाडाला टेकून. तिथून वाट शेवटच्या वळणापर्यंत सरळ दिसत होती.

"मी दोन गोष्टी मागितल्या होत्या," ती म्हणाली. "दोन्ही ऐकल्या त्याने."