विम्याच्या फॉर्मवरचं सहावं नाव

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी अर्धा दिवस माझाच बाप होतो.

तेव्हा सरकारचा नवा आरोग्य विमा निघाला होता. मी मांडवगणला दूध डेअरीत कारकून, त्यामुळं अख्ख्या आळीचे फॉर्म मीच भरले. (अक्षर चांगलं असण्याची शिक्षा!) राहू गावचा माझा मेव्हणा दत्ता दारिद्र्यरेषेच्या यादीत, म्हणून त्याच्या हप्त्यातला मोठा वाटा सरकारनं भरला. मी मात्र स्लॅबच्या दोन खोल्यांमुळं श्रीमंत ठरलो आणि पुरता हप्ता भरला. ट्रॅक्टर दत्ताच्या दारात होता. पण यादी झाली त्या दिवशी तो नांगरायला गेला असावा!

फॉर्मवर जागा पाच नावांची आणि घरात माणसं सहा.

"माझं नाव काढ," आबा म्हणाले. "माझं काय ऱ्हायलंय आता!"

"मग माझं आधी काढ," आई डोळ्याला पदर लावत म्हणाली.

पोरांचं काढणं शक्य नव्हतं, आणि बायकोचं काढलं असतं तर माझं जेवण निघालं असतं! मी उठलो, दंडाची बेटकुळी दाखवली आणि म्हणालो, "मला काय धाड भरलीय? मीच बाहेर राहतो!"

दोन महिन्यांत भरली. पोटात अशी कळ आली की डेअरीतच दुधाच्या कॅनला मिठी मारून बसलो. दत्ता कुणाची तरी जीप घेऊन आला आणि मला न् बायकोला दौंडच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. "अपेंडिक्स वाटतंय. विम्याचं कार्ड आहे?" काउंटरवरून विचारलं.

बायकोनं पिशवीतून कार्ड काढलं, तेवढ्यात दत्तानं मला बाजूला घेतलं. "दाजी, कार्डावर फोटू न्हाई, निस्तं नाव आन् वय. तुम्ही आबा व्हा!"

"अरे, आबा सहासष्ट वर्षांचे आहेत!"

"मग काय झालं? तसंबी तुम्ही दुखण्यानं साठीचं दिसताय."

कळ इतकी जोराची होती की मी आजोबाही व्हायला तयार होतो! केसपेपरवर आबांचं नाव लागलं, गेनबा. बायकोनं सासऱ्यासमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आबा, जरा कुशीवर व्हता का?" मला हसू आलं, आणि हसल्यावर पोटात जे झालं ते शत्रूलाही न होवो.

डॉक्टरांनी मला निरखून पाहिलं. "आजोबा, केस अगदी काळेभोर!"

"कलप लावत्यात!" दत्ता म्हणाला.

"दातही सगळे?"

"गावची हवा!"

"आणि गुडघे?"

दत्तानं घाईघाईनं माझ्या गुडघ्यांवर चादर ओढली. तेवढ्यात दारातून गडगडाटी आवाज आला, "माझा पोरगा कुठं हाय?"

खरे आबा! निरोप मिळताच टेम्पोत बसून आले होते. त्यांना कोण सांगणार की ते आतच झोपलेत?

"बाबा, नाव काय तुमचं?" नर्सनं विचारलं.

"गेनबा, मांडवगणचा!"

"गेनबा तर इथं खाटेवर आहेत."

"मंग मी कोन हाय?" आबा कडाडले.

बायकोनं पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढला. दत्ता जीप बघायला गेला तो संध्याकाळीच उगवला! मी पडल्या पडल्या हात जोडले. "डॉक्टर, चुकलो. हे माझे वडील. माझं नाव विम्यातच नाही."

डॉक्टर म्हणाले, "आधी ऑपरेशन करू. विम्यात नसलं तरी अपेंडिक्स फुटतं."

ऑपरेशन झालं. सगळा खर्च खिशातून गेला, दारातल्या शेळ्याही त्यासाठी विकाव्या लागल्या. पण आबांनी एका शब्दानं बोल लावला नाही. चार दिवस खाटेपाशी बसून राहिले.

घरी सोडताना मात्र नर्सनं सूचनांच्या कागदावरचं नाव जुन्या केसपेपरवरून उतरवलं. बिल बरोब्बर माझ्या नावावर, आणि "तीन महिने जड काम करू नये" हा कागद आबांच्या नावावर! आबांनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून खुरप्याला हात लावला नाही.

"डाक्टरनं लिहून दिलंय!"

गावातली माणसं तब्येतीची चौकशी करायला यायची. आबा बाजेवर लोडाला टेकून ऑपरेशन कसं झालं ते सांगायचे. मी एका हातानं टाके दाबून धरायचो आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना चहा द्यायचो.