दोन बोटं सैल

"धावा गो धावा! सून पाय वर करून पडली हाय, डोळे मिटलेत, पोट फुगतंय!"

सासूबाईंचा आवाज असा की सातपाटीहून सुटलेल्या बोटी माघारी वळतात. क्षणात अख्खी आळी घरात. एकीने नाकाला लावायला कांदा आणला, दुसरीने दृष्ट काढायला मीठ. मी आपली चटईवर, पिंढऱ्या खाटेवर टेकवून, सावकाश पोटात श्वास घेत होते.

"जिवंत हाय मी. व्यायाम करतेय."

"पडून?" सासूबाई म्हणाल्या.

हो, पडून. वर्षभर मला बसता येत नव्हतं. अगदी बसायच्या जागी असा ठणका, जणू खेकड्याने आत नांगी रोवलीय. आणि मासे विकणारीला बसता येईना म्हणजे जागा गेलीच. पालघरच्या बाजारातला माझा कोपरा सासूबाईंच्याही सासूचा. मी तासाभरात उठून घरी यायचे आणि बाजूला बसणाऱ्या शेजारणीची पाटी वीतभर माझ्याकडे सरकायची. आणखी सहा महिने, तर बाईने थेट बोईसरपर्यंत बोंबील मांडले असते.

इलाज मी केला तो नेमका उलटा. आमच्यात दुखलं की कंबर आवळायची. डोक्यावर ओझं घ्यायचं तर लुगडं असं कसायचं, की श्वासानेही विचारून आत यावं. वर लघवी दुपारपर्यंत दाबून धरायची. जागा सोडून उठणार कोण? ठणका वाढला, मी गाठ आणखी कसली.

डॉक्टरांनी तपासलं, दुसरं काही नाही म्हणाले आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे धाडलं. बाई म्हणाल्या, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात. तुमचे दिवसभर मूठ आवळून बसलेत. सैल सोडायचं विसरलेत." मग मला लुगड्याच्या गाठीत बोटं घालायला लावली. नखसुद्धा शिरेना.

"दोन बोटं जातील एवढंच बांधा. रोज पाय वर टेकवून पडा, सावकाश पोटात श्वास घ्या. गरम पाण्याचा शेक घ्या. लघवी लागली की उठा."

उठा! म्हणजे पाटी शेजारणीच्या भरवशावर! पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "जरा बघ गो," आणि जाऊन अशी धावत आले की वाटेत एसटी मागे पडली. पाटी जागच्या जागी. एक बोंबील इकडचा तिकडे नाही. मला जरा वाईटच वाटलं.

महिन्याभराने खेकड्याने एक नांगी सोडली. दुसरी अजून अधूनमधून चिमटा काढते. मग मी पाय वर करून पडते. हल्ली शेजारच्या चटईवर सासूबाईही पडतात, "तुला सोबत म्हणून."

परवा पाटी रिकामी होईपर्यंत मी बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. "बघ गो, दुपार झाली, बसलेय मी!" असं ओरडले की बर्फातली सुरमई उठून बसली.

शेजारणीने मान वर केली नाही. कमरेची गाठ चाचपत ती उठली.

"मंग माझी पाटी बघ. मी जाऊन येते."