तारेखालचा दगड

ती घटना आठवते, म्हणून आजही रेल्वेत बसलो की माझी नजर खिडकीतून वर तारेकडे जाते. उभी हयात पोलीस खात्यात गेली, खून-दरोडे पाहिले. पण भीती म्हणाल, तर ती मला शेंदूर लावलेल्या एका दगडाने घातली.

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या सीमेलगत रूळ डोंगराच्या कडेने वळतात. त्या वळणावर, इंजिनाला वीज देणारी वरची तार भर दुपारी तुटून पडली आणि खाली उभा असलेला जवळच्या पाड्यावरचा तरुण शेतकरी जागीच गेला. मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. आम्ही पोचलो तेव्हा वीज बंद केलेली होती. मयताच्या मुठीत नारळाची शेंडी होती आणि समोर खांबापाशी शेंदराने माखलेला दगड. एरवी मयतापाशी गर्दी हटवताना आमची दमछाक होते. तिथे पाड्यावरची माणसं लांब टेकडीवर उभी होती आणि कुणी खाली यायला तयार नव्हतं.

त्या दिवसांत तांब्याच्या तारांच्या चोऱ्या होत होत्या. देखभालीच्या ठेकेदाराने लगेच तक्रार दिली की तार चोरांनी अर्धवट कापली आणि दगड ही त्यांची खूण आहे. त्यात भंगारवाल्यांत ऊठबस असलेल्या माझ्या खबऱ्याची टीप आली. मयताचा थोरला भाऊ बाजारात भंगारवाल्यांना चुन्याच्या डबीतले तांब्याचे बारीक कण दाखवत फिरला होता. झडतीत ती डबी त्याच्या कमरेला सापडली. चोरी आणि सख्ख्या भावाचा मृत्यू, दोन्ही त्याच्या माथी येणार होतं. वरून फोन आला की आरोपी हातात आहे, आता घोळ घालू नका.

माझा अनुभव असा, की चोर कोठडीत फार बोलतो. त्याला प्रत्येक गोष्टीचा खुलासा द्यायचा असतो. हा मात्र भिंतीला टेकून ट्यूबलाइटकडे बघत बसला होता. ट्यूब जुनी होती, मधूनच फडफडायची. ती फडफडली की तो हात जोडून मान खाली घालायचा. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

त्याची डोंगरातली बोली मला कळत नव्हती. माझ्या ठाण्यातले एक हवालदार मैदानी गावचे, पण त्यांना ती समजायची. त्यांनी त्याला चहा दिला, शेजारी बसले आणि हळूहळू बोलतं केलं. मग माझ्याकडे वळून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, आग तारले खाई ऱ्हायनी व्हती, आसं सांगस हाऊ. खाता खाता खाले सांडे, तेच यानी वेची लिनं. हाऊ चोर नही शे." म्हणजे आग वरची तार खात होती आणि खाता खाता खाली सांडलेले कण याने वेचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाड्यावर गेलो. दोघा भावांची आई ओट्यावर बसली होती. तिने हवालदारांमार्फत सांगितलं की गाडी गेली की त्याच एका जागी निळी आग उडायची. डोंगर पांढरा व्हायचा, कोंबड्या गप्प व्हायच्या. म्हणून त्यांनी तिथे दगड मांडला. दर बाजाराच्या दिवशी धाकटा नारळ फोडून शेंदूर चढवायचा. शेवटी ती म्हणाली, "वर ते खात होतं, खाली आम्ही देत होतो. त्याचं पोट भरलं नाही."

दगडाला हात लावायची मी तिची परवानगी मागितली. बूट काढून, पंचांसमक्ष, चाकूच्या टोकाने शेंदूर खरवडला. पुटावर पूट चढून त्याची जाड खपली झाली होती आणि प्रत्येक पुटात तांब्याचे कण रुतले होते, अगदी तळच्या पुटातसुद्धा. चोर आपल्या खुणेची अशी महिनोन्महिने पूजा करत नाही.

ठाण्यात परतून मुद्देमालातलं तारेचं टोक काढलं आणि बाहेरगावच्या एका जाणकार अभियंत्याला दाखवलं. घासणं सोसावं म्हणून तांब्यात दुसरा धातू थोडा मिसळतात, असं त्यांनी सांगितलं. तार एकसारखी झिजली तर वर्षानुवर्षं टिकते. पण एखाद्या जागी ती नीट बसली नाही, तर इंजिनाच्या वरचा दांडा तिथे क्षणभर सुटतो आणि ठिणगी उडते. ठिणगीने तांबं नरम पडतं आणि तेवढीच जागा भराभर झिजते. कापल्याचा मागमूसही नव्हता. टोक चघळलेल्या दातवणासारखं झालं होतं.

थोरला सुटला. देखभालीत हयगय केली म्हणून ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. एवढं मात्र शिकलो, की माणसं आगीला देव म्हणोत की भूत, आग त्यांनी पाहिलेली असते. जबाब घेताना नाव बाजूला ठेवून पाहिलेलं तेवढं ऐकायचं.

निवृत्तीनंतर परवा दिवसा पॅसेंजरने सुरतेला निघालो होतो. ते वळण आलं. जुना दगड दिसला, शेंदूर उडालेला. जरा पुढे, दुसऱ्या खांबापाशी, नवा दगड होता. शेंदूर ओला होता.

पुढच्या स्टेशनला उतरलो आणि कोणत्या खांबापाशी तार झिजली आहे ते स्टेशन मास्तरांना सांगितलं. तार कुठे झिजली हे गाडीत बसून कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तिथल्या दगडाला शेंदूर लागलाय."

ते हसले. मी समोरची खुर्ची ओढली. "आधी फोन लावा," म्हटलं, "मग दोघं मिळून हसू."