तिनांग लोलाचा तारा

तेवीस डिसेंबरची सकाळ. नाताळाआधीच्या पहाटेच्या प्रार्थनांपैकी आठवी मिसा करून आम्ही घरी आलो होतो. मी कालचा भात लसणावर परतत होते आणि माझा नवरा रोमुलो फाटक्या जाळ्यातले धागे सोडवून त्यांची दोरी वळत बसला होता. नोव्हेंबरच्या वादळात होडी गेली, नारळी गेल्या, घराचं दारही गेलं. दाराच्या जागी सध्या एक फळी टेकवलेली असते. त्या फळीवर कुणीतरी ठकठक केलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या वाडीत दार कुणी वाजवत नाही. लांबून हाक येते आणि हाक संपायच्या आत माणूस चुलीपाशी येऊन बसलेलं असतं.

फळी सरकवली, तर बाहेर तिनांग लोला. हातात निखारे उचलायचा चिमटा. त्यानंच तिनं फळी वाजवली होती. लोला म्हणजे आजी. वाडीत सगळेच तिला लोला म्हणतात, चॅपेलची घंटा वाजवणारा सत्तरीचा म्हाताराही.

"लोला, तू या वेळी? चूल विझली का?"

"पीठ संपलं. हे घे." तिनं केळीच्या पानातली गरम बिबिंका माझ्या हातावर ठेवली.

रोमुलो मान लांब करून म्हणाला, "एवढीशी? लोला, हे खायचं की तिकीट म्हणून पाकिटावर चिकटवायचं?"

"तुझं तोंडच घमेल्याएवढं, त्याला मी काय करू!"

ती आत आली खरी, पण बसली नाही. चिमटा या हातातून त्या हातात करत राहिली. काहीतरी मागायचं होतं तिला, हे माझ्या लक्षात आलं आणि मी चुलीवरचा भात उतरवून ठेवला. कारण तिनांग लोला कुणाकडे काही मागत नाही. वादळानंतर मदतीच्या तांदळाची दुसरी पिशवी दारात आली, तेव्हा तिच्या घरावर निम्मं छप्पर होतं. तिनं पिशवी परत पाठवली. म्हणाली, घरात मी आणि नात, दोघीच, लेकुरवाळ्यांना द्या. मनिलात घरकाम करणाऱ्या तिच्या लेकीनं, पेर्लानं, यंदा नाताळला यायचं रद्द करून प्रवासखर्चाच्या पैशांतून छपराचे दोन पत्रे पाठवले. तेवढे मात्र तिनं घेतले.

अडतीस वर्षं ती चॅपेलच्या भिंतीला लागून बिबिंकेची चूल मांडते. नाताळाआधीच्या नऊ पहाटे, दरवर्षी. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, खाली निखारे, वर पत्र्याच्या झाकणावर निखारे. यंदा ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. अंडी नाहीत, नारळ नाहीत, केळीची पानं तर वाऱ्यानं फाटून नुसत्या चिंध्या झालेल्या. सोळा तारखेला पहाटे अंधारातच आम्ही पोचलो, तर वास आधी आला. तडकलेली मातीची चूल तारेनं आवळलेली आणि त्या पानांच्या चिंध्या आडव्या-उभ्या विणून, चटईसारख्या, साच्यात घातलेल्या. बिबिंकेवर त्या विणीचा ठसा उठला होता. माझ्या माहेरच्या गावी कुणी विचारलं की तुमच्या सासरी काय आहे, तर मी इथून पुढे हेच सांगणार आहे.

आणि तारा. फादरना रात्री गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मिसा असते, म्हणून आमच्या वाडीचा नाताळ चोवीसच्या पहाटेच, नवव्या मिसेला होतो. ग्लोरियाचं स्तोत्र सुरू झालं की दारावरून एक तारा तारेवरून निघतो आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून सरकत वेदीपाशी, बाळ येशूच्या गव्हाणीवर जाऊन थांबतो. तो तारा लोलाच्या नवऱ्यानं, इस्लावनं, बांबू आणि शिंपल्यांचा केला होता. इस्लाव गेला, तारा राहिला. वादळानंतर तो खारफुटीच्या चिखलात सापडला, नुसता सांगाडा. चॅपेलच्या मंडळींनी ठरवलं, यंदा चॅपेलला छप्परच नाही, तारा राहू द्या.

"गोठ्यात जन्मलेल्या बाळासमोर छपराचं रडगाणं गाता?" लोलानं त्यांना सुनावलं आणि सांगाडा घरी नेला. शिंपल्यांच्या जागी तिनं मदतीच्या तांदळाची पांढरी पोती कापून लावली. एका टोकावर 'विक्रीसाठी नाही' ही छापील अक्षरं अजून वाचता येतात.

पण काल चाचणीत तारा अर्ध्यात अडकला. रोमुलो वळत होता ती दोरी त्यासाठीच.

"जाईल ना रे?" लोलानं त्याला विचारलं.

"जाईल. ही दोरी मासे ओढायची आहे, तुझा तारा काय जड!"

"उद्या बघच, लोला," मी म्हटलं. "दरवर्षीसारखा झोकात जाईल."

"दरवर्षी कसा जातो?"

मला वाटलं ती गंमत करतेय. मी हसले. ती हसली नाही.

मग मला कळलं. इतकी वर्षं मी आत बाकावर, आणि एकदाही हा विचार माझ्या मनात आला नव्हता. लोलाची चूल भिंतीच्या बाहेर. ग्लोरियाच्या वेळी ती मोठा घाणा लावते, म्हणजे मिसा सुटल्यावर लोकांच्या हातात गरम पडतं. झाकणावरचे निखारे दोन मिनिटं दुर्लक्षित राहिले की वरून करपलं.

"कप्पीचा करकर आवाज येतो," ती म्हणाली. "मग सगळे 'हाऽऽ' करतात. त्यावरून कळतं, पोचला. इस्लावला वाटायचं, मी दारातून डोकावते. घरी येऊन विचारायचा, कसा गेला गं? मी म्हणायचे, राजासारखा. दरवर्षी खोटं. दरवर्षी फादरपाशी कबूल करायचे, दरवर्षी ते माफ करायचे."

"मग एक दिवस चूल बंद ठेव की!" रोमुलो म्हणाला.

"आणि लोकांनी उपाशी पोटी घरी जायचं? यंदा? बऱ्याच घरांत उद्या रात्रीचं जेवण म्हणजे आल्याची पेज आणि माझी बिबिंका. आमच्याकडेही तेच. रोवेना म्हणाली, लोला, प्रार्थना मात्र लांबलचक करू, म्हणजे जेवण मोठं वाटेल."

रोवेना तिची नात. उद्या ग्लोरियाची पहिली ओळ ती एकटीनं गाणार होती, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी काही म्हणायच्या आत लोलानं चिमटा माझ्यापुढे धरला.

"कॉलेज शिकलीस ते असू दे. निखारे तुला जमतात, मी बघितलंय. सेल्दा, उद्या ग्लोरिया संपेपर्यंत माझ्या चुलीपाशी बस. मला तारा जाताना बघायचाय."