चिमीला पाहिलेल्या बाया

योगिनीची मुलगी एकोणीस दिवस जगली. तेवढ्या दिवसांत डॉक्टर आणि सिस्टर सोडल्या, तर तिला जवळून पाहिलं ते तिघींनीच. एक योगिनी स्वतः, दुसरी अंथुर्ण्याची सारजा आणि तिसरी वडगाव निंबाळकरची श्रेया. बाप रविराज दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. त्यानं दोनदा काचेबाहेरून पाहिलं, पण कमी दिवसांच्या बाळांना ऊब द्यायला ओळीनं मांडलेल्या काचेच्या पेट्यांपैकी आपली कुठली, हे काही त्याला नीट कळलं नाही. सासू कुशाबाई खाली आवारात लिंबाच्या झाडाखाली डबा घेऊन बसायची. वर यायला तिचा पाय उचलायचा नाही.

योगिनीचं सासर निमगाव केतकीचं. वय बावीस. सातव्या महिन्यात दळणाची पाटी खाली ठेवता ठेवता कंबरेतून कळ आली, ती थांबलीच नाही. जीपमधून बारामतीला नेलं आणि तासाभरात ओंजळभर मूल झालं. अकराशे ग्रॅम. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर करमाळ्याकडं आणि आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे दवाखान्यात तिच्या डोक्यावरून हात फिरवायला कोणी नव्हतं.

पेट्यांच्या खोलीला लागून आयांची खोली होती. सहा खाटा, एक नळ, खिडकीत वाळत घातलेली फडकी. दर दोन तासांनी सिस्टर दारात येऊन पुकारायची, "योगिनी बेबी! सारजा बेबी! श्रेया बेबी!" लेकरांना अजून नावं नव्हती, ती आयांच्याच नावानं ओळखली जायची. मग बायांनी उठायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, टोपी-मास्क चढवायचा आणि वाटीत दूध पिळून द्यायचं. ते दूध नळीनं लेकराच्या पोटात जायचं.

पहिले तीन दिवस योगिनीला दूधच येईना. वाटीच्या बुडाला चार थेंब दिसायचे. ती वाटी सिस्टरपुढे धरताना चोरी पकडली गेल्यासारखी तिची मान खाली जायची. शेजारच्या खाटेवर सारजा होती. चौतिशीची, चार मुलींच्या पाठीवर झालेला मुलगा पेटीत ठेवलेली, उन्हातान्हात रापलेली बाई. सासऱ्याच्या काळात घरात मेंढरं होती, आता ऊस आणि मका. तिनं एकदा वाटीत डोकावून पाहिलं.

"अगं, दात खाऊन पिळतीस व्हय? दूध हाय का धुणं?"

योगिनीला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. सारजा तिच्या मागं येऊन बसली, गरम पाण्यात फडकं बुडवून तिनं तिची पाठ शेकली, मानेपासून खाली अंगठ्यानं दाबत आली. "वाटीकडं बघू नगस. लेकराकडं ध्यान दे. चिमणीवानी चोच उघडती तुझी चिमी. मी बघून आले."

त्या दिवसापासून मुलगी चिमी झाली. संध्याकाळी वाटी अर्धी भरली.

श्रेया वीस वर्षांची, बारावी शिकलेली, जरा काही झालं की डोळ्यांत पाणी आणणारी. डॉक्टरांनी लिहिलेलं तिला वाचता यायचं, म्हणून तिघींची कागदपत्रं तिच्याच उशाला. एकीनं आत जायचं तर तिनं तिन्ही पेट्या बघून यायचं आणि बाहेर येऊन तिघींची खबर द्यायची, असा रिवाजच पडला. "सारजाक्का, तुमच्या पोरानं आज शी केली." "श्रेया, तुझीला जांभई आली." शेपूची भाजी कुणाच्याही डब्यात आली तरी तीन वाटे व्हायचे. सारजा दोघींच्या वेण्या घालायची. आपण कुणाची सून आहोत हे त्या खोलीत योगिनी विसरून जायची. लग्न झाल्यापासून इतकं मोकळं ती कुणाशी बोललीच नव्हती.

अकराव्या दिवशी सिस्टरनं चिमीला तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून फडकं बांधलं. योगिनी दोन तास हलली नाही. पोरीच्या खांद्यावर बारीक सोनेरी लव होती. ती दोनदा शिंकली. बाहेर आल्यावर योगिनीनं ते दोघींना दहादा सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सिस्टर दारात आली आणि म्हणाली, "योगिनी."

नुसतं योगिनी. पुढं बेबी नाही.

सारजानं तेवढ्यावरच ओळखलं. तिनं हातातली फणी खाली टाकली आणि योगिनीचा दंड धरला. रक्तात जंतू पसरले होते, पहाटेपासून डॉक्टर झटत होते, इतकंच योगिनीच्या कानावर आलं. दुपारी रविराज टँकर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आला. कापडात गुंडाळलेलं ते एवढंसं ओझं त्यानं घेतलं. योगिनीला जीपमध्ये पुढं बसवलं, तिला मागं वळून बघू दिलं नाही. श्रेया खाटेवर तोंड झाकून बसली होती. सारजा जिन्यापर्यंत आली. 

पुरायला पुरुष गेले. कुठं पुरलं ते योगिनीनं विचारलं, तर रविराज म्हणाला, "आता कशाला ते?" आणि दावणीकडं निघून गेला.

घरात त्या मुलीचा विषय कोणी काढीना. बारसं झालं नव्हतं, त्यामुळं घ्यायला नावही नव्हतं. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, "वय काय तुझं! वर्साच्या आत पुन्यांदा पाळणा हलंल." कुशाबाई वाईट नव्हती. सुनेच्या ताटात तूप वाढायची, तिला पाण्याला हात लावू द्यायची नाही. पण सून रडायला लागली की तिला धडकी भरायची. "बाळंतिणीनं रडू नाही, डोळं जात्यात. इसर आता." चौथ्या दिवशी तिनं सुनेच्या छातीला फडकं घट्ट आवळून बांधलं, दूध आटावं म्हणून. दूध आटायला आठवडा लागला. शेजारच्या घरातलं मूल रडलं की फडकं ओलं व्हायचं, आणि योगिनी भिंतीकडं तोंड करून पडायची. आपल्याला खरंच मूल झालं होतं का, असं तिला कधीकधी वाटे. इथं कुणीच त्या मुलीला जवळून पाहिलेलं नव्हतं.

फोन कुशाबाईजवळ असायचा. सारजाचा फोन तीनदा आला, तीनदा तिनं "झोपलीया" म्हणून ठेवून दिला. श्रेयाच्या मुलीला घरी सोडलं, बारसंही झालं, हे योगिनीला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिला बोलावणं नव्हतं. का नव्हतं हे तिला न सांगताही कळत होतं. मूल गेलेल्या बाईची सावली नको. तरी ते तिला लागलं.

चिमी जाऊन सव्वा महिना उलटल्यावर निमगावच्या बाजाराच्या दिवशी सारजा दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत मुगाचे लाडू. जुनी ओळख असल्यासारखी थेट आत आली.

"कोण तुमी?" कुशाबाईनं विचारलं.

"अंथुर्ण्याची सारजा. तुमच्या सुनंच्या शेजारच्या खाटंवर व्हते."

कुशाबाईचा चेहरा आक्रसला. "बाई, आता कुटं जरा सावरतीया ती. जुनं उकरू नगा."

"न्हाय उकरत. बसते घटकाभर."

योगिनी भिंतीला टेकून बसली होती. सारजाला बघून ती उठलीही नाही. सारजाच तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिच्या चोळीवर दोन ओले डाग होते.

"पोरगं कुठाय?" योगिनीनं विचारलं.

"घरी. थोरलीजवळ."

"का न्हाय आणलं?"

सारजानं पदर छातीवर ओढून घेतला.

"मी काय त्याला खाणार हाय का, आक्का? तुमीबी तसंच धरलं?" योगिनीचा आवाज चढला. कुशाबाई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"तुला बघवंल का न्हाय ह्ये मला कळंना, योगे. म्हणून ठिवून आले. चुकलं माझं." सारजानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "त्या दिवशी सकाळची तुझी वाटी तशीच व्हती बघ. पार काठापतोर भरलेली. सिस्टर मोरीत वतणार व्हती. म्हणलं, द्या हिकडं. खाली न्हेऊन लिंबाच्या बुडाला घातली. चिमीचं दूध ते, मोरीत कसं जाऊ द्याचं?"

एवढ्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणी चिमी म्हटलं होतं. योगिनीनं सारजाच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ती मोठ्यानं रडली. कुशाबाई पुढं झाली, पण सारजानं हातानंच तिला थांबवलं. मग दोघी बोलत राहिल्या. चिमीच्या खांद्यावरची लव, तिची शिंक, पायाच्या दोन बोटांची जुळणी, टोपी सरकली की कपाळाला पडणारी आठी. कुशाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती दोन बोटांची गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. रविराजच्या पायाचीही दोन बोटं तशीच जुळलेली होती. ती उठून आत गेली आणि तिनं चहा ठेवला.

जायच्या वेळी योगिनीनं एकदम विचारलं, "आक्का, डोळ्याची तारीख झाली का?"

"कुठली?"

"डोळ्याचं डॉक्टर आलं व्हतं न्हाय का? कमी दिवसाच्या लेकराच्या डोळ्याचा पडदा कच्चा असतो, घरी सोडल्यावर पंधरा दिवसांनी आणायचंच, म्हणलं व्हतं. मी ऐकलंय." त्या खोलीत डॉक्टर जे जे बोलले ते तिला पाठ होतं.

सारजाच्या तोंडावरचं पाणी उतरलं. "राहिली. मालक म्हणलं, पोरगं तर टकाटका बघतंय. त्यात मक्याची काढणी..."

"किती दिस झालं?"

"तारीख उलटून पंधरा दिस."

"उद्या जायचं. मी येते."

कुशाबाई दारातून म्हणाली, "त्या दवाखान्यात? परत?"

"व्हय आत्या. त्याच."

दुसऱ्या दिवशी योगिनी रविराजला न विचारता एसटीत बसली. अंथुर्ण्याच्या फाट्यावर सारजा लेकराला घेऊन चढली, सोबत नवरा बिरदेव, मान खाली घातलेला. योगिनीनं हात पुढं केले. पोरगं आता दोन किलोच्या वर गेलं होतं. त्याचा भार छातीला लागला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, तशी सारजा त्याला परत घ्यायला लागली. योगिनीनं दिलं नाही.

दवाखान्याच्या जिन्याशी तिचे पाय थांबले. वरून सिस्टरचा आवाज येत होता, कुणाच्या तरी नावापुढं बेबी लावून. ती कठड्याला धरून उभी राहिली, मग चढली.

डोळ्यांच्या तपासणीच्या रांगेत श्रेया बसलेली होती, मांडीवर मुलगी. योगिनीला बघताच तिनं मुलीवर पदर ओढला, आणि आपण काय केलं हे कळून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, घरचे म्हणले..."

"मला म्हाइत हाय," योगिनी म्हणाली. पण ती तिच्या शेजारी बसली नाही. तासाभरानं श्रेयाच उठून आली. तिनं मुलगी योगिनीपुढं धरली. योगिनीनं पोरीच्या गालाला बोट लावलं, पण घेतलं नाही. "आज नगं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सारजाच्या मुलाचे डोळे बराच वेळ तपासले. मग म्हणाले, आजच पुण्याला जा, उद्यावर टाकू नका. बिरदेव कागद हातात घेऊन उभाच राहिला. श्रेयानं तो वाचला, कुठं जायचं, कुणाला भेटायचं ते त्याला दोनदा समजावून सांगितलं आणि आपल्या पिशवीतली दुपटी सारजाच्या पिशवीत कोंबली. योगिनीनं श्रेयाच्या फोनवरून घरी फोन लावला. कुशाबाईनं उचलला.

"आत्या, मी पुण्याला चाललेय. आक्काचं पोरगं..."

 कुशाबाई म्हणाली, "जा. रव्याला मी सांगते."

पुण्याला उजवा डोळा वाचला. डाव्याचा पडदा सुटून गेला होता. पंधरा दिवस आधी आला असता तर, असं तिथली डॉक्टरीण म्हणायला लागली आणि सारजाचं तोंड बघून मध्येच थांबली. बिरदेव बाहेर बाकावर जाऊन बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. सारजा रडली नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं लेकरू पाजत ती भिंतीकडं बघत राहिली. "तुझ्या घरी बाजाराचं निमित्त काढून आले," ती म्हणाली, "आन् ह्याला दवाखान्यात आणायला सवड न्हवती मला. कशी आई गं मी?"

 योगिनीनं सारजाची वेणी सोडली, बोटांनी गुंता काढला आणि नव्यानं घातली.

याला आता दोन वर्षं होतील. योगिनीला अजून मूल नाही. मधे एकदा राहिलं आणि दुसऱ्याच महिन्यात गेलं. तेव्हा सारजा आणि श्रेया दोघी आल्या, आठ दिवस आळीपाळीनं राहिल्या. श्रेयाच्या सासूनं त्यावरून बोल लावले. श्रेया म्हणाली, "लावू दे." श्रेयाच्या मुलीच्या बारशाचं मात्र तिच्यात आणि योगिनीत कधी निघालं नाही. ते तसंच राहिलंय.

चिमीला कुठं पुरलं ते कुशाबाईनं गेल्या वर्षी सुनेला नेऊन दाखवलं. बांधाच्या कडेला, आता तिथं जनावरांसाठी घास लावलेला. दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. रविराज अजून त्या विषयावर बोलत नाही.

सारजाचं पोरगं चालायला लागलंय. डाव्या बाजूचं त्याला दिसत नाही, म्हणून मान तिरकी करून चालतं, दाराच्या चौकटीला धडकतं, पडतं. दर तीन महिन्यांनी त्याला बारामतीला न्यावं लागतं. निमगावहून योगिनी निघते, अंथुर्ण्याला सारजा चढते आणि दवाखान्यात श्रेया आधीच जागा धरून बसलेली असते. रांग मोठी असते. तिघी डबे सोडतात, आणि बोलता बोलता कुणीतरी चिमीचं काहीतरी काढतं.